वाचक विचारतात : नीना हागेनचे गाणे आणि तिच्या तबकड्या

गेल्या अंकात या सदरातून जर्मन भाषेतील गाण्यांविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी नीना हागेन या गायिकेचा उल्लेख ‘पंक संगीतातील विक्षिप्त बाई’ एवढ्या चार शब्दांत उरकला होता (पंक म्हणजे रॉकचा एक कच्चा, रागीट प्रकार). त्या चार शब्दांबद्दल ठाण्यातील आणि नवी मुंबईतील वाचकांनी माझी चांगलीच कानउघाडणी केली आहे. काहींना ‘विक्षिप्त’ हा शब्द अन्यायाचा वाटला, काहींना ‘पंक’ हा शब्द चुकीचा वाटला, आणि एका वाचकांना तर ‘बाई’ हा शब्दच खटकला. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे तिच्यासाठी राखून ठेवले आहे. उत्तरांत मी तिचा उल्लेख एकेरीत करणार आहे, कारण आवडत्या गायिकेला एकेरीत संबोधण्याची आपली जुनी रीत आहे आणि त्यात अनादर नसतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : जर्मनीच्या चॅन्सलर अंगेला मर्केल यांच्या निरोप समारंभात लष्कराच्या बँडने नीना हागेनचे एक गाणे वाजवल्याचे वाचले होते. आपण जिला विक्षिप्त म्हणता, तिचे गाणे सैनिकी संचलनात कसे पोचले? (एक निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : २ डिसेंबर २०२१ रोजी बर्लिनमध्ये मशालींच्या उजेडात तो समारंभ झाला. निरोप घेणाऱ्या नेत्याला बँडसाठी गाणी निवडण्याची मुभा असते, आणि मर्केल यांनी निवडलेल्या तीन गाण्यांत एक जुने भक्तिगीत, एक जर्मन गायिका हिल्डेगार्ड क्नेफ यांचे गाजलेले गाणे आणि तिसरे नीनाचे १९७४ सालचे गाणे होते. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘तू रंगीत फिल्म विसरलास’ असा होतो. बाल्टिक समुद्रातील हिडेन्से नावाच्या बेटावर सुटीसाठी गेलेली एक मुलगी आपल्या मिखाएल नावाच्या प्रियकरावर रुसली आहे, कारण तो कॅमेऱ्यासाठी रंगीत फिल्म आणायला विसरला आणि आता इथले रंग कोणाला खरेच वाटणार नाहीत, एवढीच त्या गाण्याची गोष्ट आहे. शब्द कुर्ट डेमलर यांचे आणि चाल मिखाएल हॉयबाख यांची होती. नीना तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि ‘ऑटोमोबील’ नावाच्या वाद्यवृंदाबरोबर गात होती. वरवर पाहता हे हलकेफुलके गाणे आहे. परंतु ज्या देशात रंगीत फिल्मसारखी वस्तू सहज मिळत नव्हती आणि सार्वजनिक जीवनावर एक राखाडी कळा पसरलेली होती, त्या पूर्व जर्मनीतील श्रोत्यांना रंग हरवल्याची ती तक्रार निव्वळ सुटीपुरती वाटली नाही. मर्केल यांचेही तारुण्य त्याच देशात गेले होते आणि हिडेन्से पुढे त्यांच्या मतदारसंघात आले, हा दुहेरी धागा त्यांनी स्वतःच बोलून दाखवला होता.

त्या देशाशी नीनाचे नाते मात्र दोनच वर्षांत तुटले. ती ११ मार्च १९५५ रोजी पूर्व बर्लिनमध्ये जन्मली. आई एव्हा-मारिया हागेन या तेथील लोकप्रिय अभिनेत्री होत्या आणि वडील पटकथालेखक होते. वडिलांचे वडील ज्यू होते आणि नाझींच्या झाक्सेनहाउझेन छळछावणीत त्यांचा मृत्यू झाला. आईवडील विभक्त झाल्यावर घरात वोल्फ बीअरमान आले. हे कवी आणि गायक होते, साम्यवादावर श्रद्धा ठेवूनही राज्यकर्त्यांना सुनावणारे होते, आणि त्याच कारणाने त्यांच्यावर जाहीर कार्यक्रमांची बंदी होती. नोव्हेंबर १९७६ मध्ये ते पश्चिम जर्मनीतील कोलोन शहरात कार्यक्रमाला गेले असता सरकारने त्यांचे नागरिकत्वच काढून घेतले आणि त्यांची परतीची वाट बंद केली. मुलगी मानून वाढवलेल्या नीनाने त्यांच्या पाठोपाठ देश सोडण्याची परवानगी मागितली, आणि ती आश्चर्यकारक वेगाने मिळाली. बहुधा अशी मुलगी घरात असण्यापेक्षा बाहेर असलेली बरी, असा हिशेब कोणी तरी केला असावा.

प्रश्न : माझा मुलगा तिची गाणी लावतो तेव्हा घरात भांडण होते. हे गाणे आहे की नुसती किंचाळी? ती गाणे शिकली आहे का? (एक गृहिणी, सेक्टर १७, वाशी)

उत्तर : शिकली आहे, आणि नीट शिकली आहे. पूर्व जर्मनीत रंगमंचावर व्यावसायिक गाणे गायचे तर सरकारी परवाना लागत असे. नीनाने तेथील करमणूकप्रधान संगीताच्या सरकारी शिक्षणसंस्थेत रीतसर आवाजाचे शिक्षण पूर्ण केले होते. पाश्चात्त्य ऑपेराच्या पद्धतीने आवाज लावण्याची तिची तयारी तर इतकी पक्की आहे, की तिची सगळी थट्टा त्याच तयारीवर उभी आहे. आपल्याकडे एकनाथांच्या सोंगी भारुडात एकच कलाकार कधी भुत्या होतो, कधी वासुदेव, कधी जोगवा मागणारी बाई, आणि दर सोंगाला आवाज, ठेका, हेल असे सगळे बदलतो. नीनाच्या एकाच गाण्यात कुरकुरणारे पोर, दटावणारी म्हातारी, खर्जातून घुमणारे भूत आणि तार सप्तकात सहज फिरणारी ऑपेराची नायिका अशी चार सोंगे येऊन जातात. आपल्याला ऐकू येते ती किंचाळी या चौघांपैकी एकाची असते, आणि ती नेमक्या स्वरावर सुरू होऊन नेमक्या स्वरावर थांबते. नेमके स्वर न चुकवता बेसूर वाटणे हे बेसूर होण्यापेक्षा फार अवघड काम आहे.

आपल्या मुलाला तिच्या पहिल्या तबकडीतील ‘नाटूरट्रेने’ हे गाणे लावायला सांगावे. शीर्षकाचा अर्थ ‘निसर्गाचा अश्रू’ असा आहे. संथ, जवळजवळ भाबड्या सुरुवातीनंतर तिचा आवाज जिन्याच्या पायऱ्या चढत जावा तसा वर सरकत राहतो आणि शेवटी ऑपेरातील जलद फिरत घेऊ लागतो. मोठ्या रोमँटिक भावनेची ती नक्कल आहे, आणि तरीही ती फिरत ऐकताना अंगावर काटा येतो. घरातील भांडण त्यानंतरही मिटले नाही, तर मात्र माझा इलाज संपला.

प्रश्न : तिला ‘पंकची माता’ म्हणतात. पंक म्हणजे तीन कॉर्डांत संपणारे कच्चे, रागीट संगीत. तिच्या तबकड्यांतील वादन तर फारच सफाईदार आहे. मग हे नाव कसे? (एक अभियंता, ऐरोली. आपण ठाणे–बेलापूर रस्त्यावरील एका जर्मन कंपनीत काम करता आणि जर्मन गीते मूळ शब्दांत समजून घेता, असे आपण लिहिले आहे; त्यामुळे हे उत्तर थोडे लांबवतो.)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि गेल्या अंकातील माझ्या चार शब्दांपैकी ‘पंक’ हा शब्द अर्धाच खरा होता, हे मी मान्य करतो. पश्चिमेकडे आल्यावर नीनाला ध्वनिमुद्रिकेचा करार मिळाला, आणि लगेच काम सुरू करण्याऐवजी ती काही काळ लंडनला जाऊन राहिली. ते लंडनमध्ये पंकचा भडका उडण्याचे दिवस होते. ‘द स्लिट्स’ या मुलींच्या वाद्यवृंदाशी, विशेषतः त्यांची अल्पवयीन आणि मूळची जर्मन गायिका आरी अप हिच्याशी, तिची मैत्री झाली. तिने लंडनहून आणले ते पंकचे संगीत नव्हते. कोणाला आवडेल याची पर्वा न करता रंगमंचावर उभे राहण्याची मोकळीक तिने आणली. संगीत तिला बर्लिनमध्येच मिळाले. पश्चिम बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात ‘लोकोमोटिव्ह क्रॉइत्सबेर्ग’ नावाचा राजकीय रॉक वाद्यवृंद होता. त्यातील मुरलेले वादक तिला येऊन मिळाले : गिटारवर बर्नहार्ड पोचका, बासवर मानफ्रेड प्रेकर, आणि ड्रमवर हेर्विग मिट्टरएगर. त्यांच्या जोडीला कीबोर्डवर राइनहोल्ड हाइल आले. हे सगळे गुंतागुंतीची रचना लीलया पेलणारे लोक होते. म्हणून १९७८ साली ‘नीना हागेन बँड’ या साध्या नावाने आलेल्या तबकडीत आग पंकची आहे आणि बांधणी पट्टीच्या वादकांची आहे.

त्या तबकडीची सुरुवात ‘टीव्ही-ग्लोत्सर’ या गाण्याने होते. चाल अमेरिकेतील ‘द ट्यूब्ज’ या वाद्यवृंदाच्या गाण्याची आहे, पण शब्द नीनाचे आहेत. मूळ गाणे सधन घरांतील नशाबाज पोरांची टर उडवते, तर नीनाच्या गाण्यातील मुलगी एकटी, कंटाळलेली, दूरदर्शन संचासमोर डोळे फाडून बसलेली आहे आणि एका वाहिनीवरून दुसरीवर उड्या मारते आहे. भिंतीपलीकडून पश्चिमेचे कार्यक्रम चोरून पाहत वाढलेली मुलगी पश्चिमेत पोचते आणि तेथेही तिला तोच चौकोन भेटतो, ही त्यातील खोच आपल्यासारख्या जर्मन जाणणाऱ्या श्रोत्याला लगेच कळेल. दुसरे एक गाणे बाईपणाच्या कर्तव्यावर आहे; नको असलेल्या गरोदरपणाच्या क्षणी ‘मी हे कर्तव्य का पार पाडावे’ असा प्रश्न ती विचारते, आणि १९७८ साली तो प्रश्न रेडिओवरून ऐकू येणे ही लहान गोष्ट नव्हती. माझ्या मते जर्मन भाषेला रॉक संगीतात मान वर करून बोलता येते, हे या तबकडीने दाखवून दिले. त्याआधी बऱ्याच जर्मन तरुणांना रॉक म्हटले की इंग्रजीच सुचत असे.

पुढच्याच वर्षी गायिका आणि वादक यांचे बिनसले. कराराप्रमाणे दुसरी तबकडी द्यायची होती, म्हणून वादकांनी वाद्ये स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केली आणि नीनाने त्यावर आपला आवाज वेगळा चढवला. असा वेगळा संसार असूनही १९७९ ची ‘उनबेहागेन’ ही तबकडी तुटक वाटत नाही, हे त्या दोन्ही बाजूंच्या कसबाचे प्रमाण आहे. शीर्षकात शब्दखेळ आहे : जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘अस्वस्थता’, आणि शेवटचे दोन अक्षरगट तिच्या आडनावाचे. (काही वाचकांनी ‘हेगन’ असे लिहिले आहे, उच्चार ‘हागेन’ असाच आहे, आणि हा शब्दखेळ तो उच्चार लक्षात ठेवण्यास मदत करील.) ‘आफ्रिकन रेगे’ या गाण्यात जमैकाच्या ठेक्यावर ती आल्प्स पर्वतातील गुराख्यांसारखे योडेलिंग करते, कागदावर हे विनोदी वाटते, कानांना पटते. लीन लोविच या गायिकेच्या तेव्हा गाजत असलेल्या ‘लकी नंबर’चा जर्मन अवतारही याच तबकडीत आहे.

नीनाला सोडल्यानंतर त्या चौघांनी ‘स्प्लिफ’ या नावाने स्वतःचे यश मिळवले. हाइल आणि प्रेकर यांनी पुढे नेना या गायिकेच्या त्या सुप्रसिद्ध नव्व्याण्णव फुग्यांच्या गाण्याची निर्मिती केली, आणि हाइल यांचा हात ‘रन लोला रन’ या चित्रपटाच्या संगीतातही आहे. म्हणजे नीनाचे नावही न ऐकलेल्या अनेकांनी तिच्या वादकांना ऐकलेले असते.

प्रश्न : ती उडत्या तबकड्या पाहिल्याचे सांगते, दूरदर्शनवर अश्लील वागते. हा वेडेपणा खरा की जाहिरातबाजी? (एक वाचक, वागळे इस्टेट)

उत्तर : ऑगस्ट १९७९ मध्ये ऑस्ट्रियाच्या ‘क्लब २’ या चर्चेच्या कार्यक्रमात स्त्रियांच्या लैंगिक सुखाविषयी बोलताना तिने केवळ शब्दांवर न थांबता हातवाऱ्यांनी प्रात्यक्षिक दाखवले, आणि त्या गदारोळात सूत्रसंचालकांना आपली जागा सोडावी लागली. हे खरे आहे. १९८१ साली गरोदर असताना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर उडती तबकडी पाहिल्याचे ती आजही सांगते, हेही खरे आहे. जाहिरात म्हणावी तर तिने हा हट्ट चार दशके सोडलेला नाही, आणि जाहिरातीला इतका दम नसतो. पण आपण तबकड्यांविषयी विचारता म्हणून सांगतो, की उडत्या तबकडीपेक्षा तिची काळी तबकडी जास्त थरारक आहे.

तो थरार १९८२ च्या ‘ननसेक्समंकरॉक’मध्ये आहे. न्यूयॉर्कमध्ये, माइक थॉर्न यांच्या निर्मितीत, बहुतांशी इंग्रजीत झालेल्या या तबकडीत नीनाचा आवाज थरावर थर चढवून ठेवला आहे : एक नीना गाते, दुसरी खिदळते, तिसरी मागून मंत्र पुटपुटते, चौथी गुरगुरते. हेरॉइनच्या विळख्यावरचे ‘स्मॅक जॅक’ हे गाणे त्यातलेच. नुकत्याच जन्मलेल्या मुलीच्या नावाचे ‘कोस्मा शिवा’ हे गाणेही त्यातलेच, आणि मुलीचे हे नाव पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवावे. मी हे प्रथम ऐकले ते चरईतील एका मित्राच्या घरी, त्याच्या भावाने परदेशातून आणलेल्या कॅसेटवरून. दुसऱ्या बाजूला टेपरेकॉर्डरने फीत गिळली, आणि बराच वेळ आम्हांला ते गाण्यातलेच वाटत होते. तिची सर्वोत्तम तबकडी मी पहिलीच मानतो. सर्वांत धाडसी मात्र ही.

त्यानंतरची घसरण थोडक्यात सांगतो. १९८३ साली डिस्को संगीताचे जादूगार जॉर्जिओ मोरोडर आणि कीथ फोर्सी यांच्याबरोबर तिने ‘फिअरलेस’ केली. तिचीच जर्मन आवृत्ती ‘आंग्स्टलोस’. नाचायला उत्तम आहे, पण आवाजाची ती चार सोंगे यंत्राच्या ठेक्यात बांधली जातात. १९८५ च्या ‘इन एकस्टसी’बद्दल मला फारसे सांगण्यासारखे नाही.

प्रश्न : मी कौपिनेश्वर मंदिराच्या जवळ राहतो. या गायिकेने ‘ॐ नमः शिवाय’ या नावाची ध्वनिमुद्रिका काढल्याचे समजले. हा आपल्या देवाधर्माचा उपहास तर नव्हे? (एक ज्येष्ठ नागरिक, ठाणे)

उत्तर : ही शंका मलाही आली होती, कारण तिने गंभीरपणे घेतलेल्या किती तरी गोष्टींची तिने आधी टर उडवलेली आहे. परंतु ती तबकडी ऐकल्यावर शंका राहत नाही. नीनाची भारताकडील ओढ एका रात्रीत आलेली नाही. मुलीच्या नावात १९८१ सालीच शिव आहे. पुढे उत्तराखंडातील हैडाखान येथील बाबांच्या आश्रमाशी तिचा संबंध जुळला, ती तेथे जाऊन राहिली, आणि १९९३ च्या ‘रेव्होल्यूशन बॉलरूम’ या तबकडीत त्या स्थळाचे नाव घेणारे गाणे आले. १९९९ ची ‘ॐ नमः शिवाय’ ही भजनांची आणि नामघोषाची तबकडी आहे, आणि २००० सालच्या ‘रिटर्न ऑफ द मदर’मध्येही ‘हे शिवा शंकरा’ आहे.

उच्चारांत जर्मन वळण राहते, हे खरे. नामाला जी शांत, अंगभूत लय लागते, तिच्या जागी मधूनच रंगमंचावरची उसळी येते. पण ठाण्याहून सकाळी सुटणाऱ्या लोकलमध्ये डब्याच्या पत्र्यावर ठेका धरून, टाळांच्या कल्लोळात, घसा फोडून भजन म्हणणारी मंडळी आपण पाहिली असतीलच. त्यांचा आवाज कोणी शास्त्राच्या कसोटीवर घासत नाही, आणि त्यांच्या भक्तीवर कोणी शंकाही घेत नाही. नीनाची ही तबकडी मी त्या मंडळींच्या शेजारी ठेवीन. एक नोंद मात्र प्रामाणिकपणे केली पाहिजे : २००९ साली तिने जर्मनीतील श्युटोर्फ या गावी प्रॉटेस्टंट पंथात बाप्तिस्मा घेतला, आणि २०१० च्या ‘पर्सनल जीझस’मध्ये ती ख्रिस्ती भक्तिगीते गाते. त्यामुळे तिचा शिव आणि तिचा येशू यांत विरोध आहे की नाही, हे तिचे तिला ठाऊक. आवाजातील कळकळ दोन्हीकडे सारखीच आहे.

प्रश्न : आम्ही नाटकवेड्या मैत्रिणी आहोत. तरुणपणी ‘तीन पैशाचा तमाशा’ पाहिला होता. नीना हागेनने त्याच मूळ नाटकातील गाणी गायली आहेत, असे ऐकले. तिच्या उतारवयातील ध्वनिमुद्रिका ऐकण्यासारख्या आहेत का? (नेरुळ)

उत्तर : आपल्या पत्राने मला फार आनंद झाला. पु. ल. देशपांडे यांचे ते रूपांतर थिएटर अकादमीने १९७८ साली जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये नीनाची पहिली तबकडी आली. हा योगायोग खरा, पण दोन्हीकडे मातीतील करमणुकीचा बाज घेऊन सभ्य समाजाला चिमटा काढलेला आहे. ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ सालच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’ या त्या मूळ संगीतिकेचे ध्वनिमुद्रण ‘एन्साम्बल मॉडर्न’ या वाद्यवृंदाने एच. के. ग्रूबर यांच्या संचालनाखाली केले. त्यात मॅक्स राबे हे दरोडेखोर मॅकहीथ आहेत आणि नीना ही भिकाऱ्यांच्या म्होरक्याची बायको, म्हणजे मिसेस पीचम, आहे. या भूमिकेत तिला ऐकल्यावर माझे सगळे कोडे सुटले. तिची चिरकी, तिची घसरगुंडी, शब्द चावून थुंकल्यासारखा टाकणे, हे सारे तिने पंकमधून उचललेले नसून बर्लिनच्या जुन्या कॅबरेमधून, म्हणजे गाण्यांतून समाजाला चिमटे काढणाऱ्या रंगमंचावरून, तिच्यापर्यंत आलेले आहे, आणि त्या परंपरेत ती घरच्यासारखी वावरते. ‘विक्षिप्त’ हा शब्द मी ज्या दिवशी लिहिला, त्या दिवशी हे ध्वनिमुद्रण माझ्या लक्षात असते तर बरे झाले असते.

म्हणूनच उतारवयातील नीना मला गीतलेखिकेपेक्षा गायिका म्हणून मोठी वाटते. २००३ ची ‘बिग बँड एक्स्प्लोजन’ जुन्या स्विंग गीतांची आहे. २००६ ची ‘इर्गेन्ड्वो आउफ डेअर वेल्ट’ ही त्याहून सरस. शीर्षकाचा अर्थ ‘जगात कुठे तरी’, आणि ते शीर्षकगीत नाझी काळात देश सोडावा लागलेले ज्यू संगीतकार वेर्नर रिचर्ड हायमान यांचे आहे. आजोबांना छावणीत गमावलेल्या आणि स्वतः एक देश मागे टाकलेल्या बाईने, जवळजवळ काहीही सोंग न आणता, ते गावे, हे ऐकताना वेगळेच जाणवते. सुरुवात करायची असेल तर आपण येथूनच करावी, आणि मग मागे १९७८ कडे जावे. वर प्रश्न विचारणाऱ्या वाशीच्या गृहिणींनाही हाच क्रम सोयीचा पडेल.

आणखी दोन गोष्टी जाता जाता सांगतो. १९९८ साली तिने पूर्व बर्लिनच्या ‘उनिओन बर्लिन’ या फुटबॉल संघासाठी गीत गायले, ते संघाच्या मैदानावर सामन्याआधी वाजते आणि हजारो प्रेक्षक ते तिच्याबरोबर गातात. जिला त्या शहराच्या पूर्व भागातून जाऊ दिले गेले, तिचा आवाज तेथे असा परत गेला. दुसरी गोष्ट : २०२२ च्या डिसेंबरमध्ये तिची ‘युनिटी’ ही तबकडी आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्या आईचे निधन झाले होते. आवाज आता खाली उतरला आहे, खर्जाला वाळूचा खरखरीतपणा आला आहे, आणि खाणकामगारांच्या कष्टाचे ‘सिक्स्टीन टन्स’ हे जुने अमेरिकन गाणे ती त्या खरखरीत आवाजात इतके सावकाश म्हणते की एकेक टनाचे ओझे जाणवते. याच तबकडीतील एका गाण्यात तिच्या जोडीला लीन लोविच आहे. १९७९ साली जिचे गाणे नीनाने जर्मनमध्ये आणले होते, तीच ही.